स्वर्ग दोन बोटं

आमच्या भागात कुणी चारचाकी घेतली की पेढा तोंडात जायच्या आधी त्याला दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, "किती देते?" दुसरा, "खालून लागते का?" रंग, कंपनी, एअरबॅगा वगैरे चहानंतर, वेळ उरला तर. पहिल्याचं उत्तर मालक दोन-तीन किलोमीटर वाढवून सांगतो आणि दुसऱ्याचं खालच्या आवाजात. माझ्या साडभावानं गाडी आणली तेव्हा गल्लीतले चौघे तिच्यापुढे ओणवे होऊन पोटाखाली डोकावून आले होते. गाय विकत घेताना कास बघावी तसं. त्यातल्या एकानं जमिनीपासून वीत लावून पाहिली आणि नुसतं "हं" म्हणाला. त्या एका "हं"पायी साडभाऊ रात्रभर कूस बदलत होता.

त्यामुळे एका रविवारी भाचा आला आणि "मामाजी, गाडी खाली कराची हाय" म्हणाला, तेव्हा मला वाटलं बहिणीनं काहीतरी सामान पाठवलं असेल. मी दुपट्टा खांद्यावर टाकून उठलो. "चाल. काय काय हाय डिक्कीत?"

"सामान नाई मामाजी. गाडीच खाली कराची हाय. लो."

"काहून बे? काय झालं तिले?"

"काईच नाई झालं."

"मंग?"

तो मला अंगणात घेऊन गेला. पांढरी स्विफ्ट, २०१८ सालचं मॉडेल, नागपुरात सेकंडहँड घेतलेली, हप्ते सुरू. तो पुढच्या चाकाशी उकिडवा बसला आणि टायर नि मडगार्डच्या मधल्या फटीत हात घालून दाखवला. "हे पाहा. चार बोटं गॅप. गाडी नाई, उंट दिसते."

"अन् तुले किती पायजे?"

"दोन बोटं."

माणूस फार सुखात असला की त्याला स्वर्ग दोन बोटं उरला म्हणतात. मी आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी आणि विज्ञान दोन्ही शिकवलं; पण ती दोन बोटं नेमकी कुठे मोजायची हे मला त्या दिवशी कळलं.

स्प्रिंगा त्यानं ऑनलाइन मागवल्या होत्या. पत्ता माझा दिला, कारण नागपुरातल्या त्याच्या खोलीवर दिवसा कुणी नसतं. इथं एक खुलासा करायला हवा. आमचं शहापूर भंडारा जिल्ह्यातलं, नागपूरकडून येताना भंडाऱ्याच्या अलीकडे, महामार्गावर. जगाला माहीत असलेलं शहापूर ठाणे जिल्ह्यातलं. घोळ पुरा व्हावा म्हणून आमच्या जवळही एक ठाणा आहे, ठाणा पेट्रोलपंप. पार्सल आधी त्या शहापूरला गेलं, तिथं दोन दिवस राहिलं, तिथल्या माणसानं मला फोन करून "घरी कोणीच नाही का?" असं विचारलं, आणि मग ते अख्खा महाराष्ट्र ओलांडून आमच्याकडे आलं. आडव्या महाराष्ट्राची एवढी सैर तर मीही केलेली नाही.

खोक्यात चार लालभडक स्प्रिंगा. मी एक उचलून पाहिली. आखूड आणि जड. मास्तरकी उफाळून आली. रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं १६७६ साली स्प्रिंगचा नियम छापला, तो अक्षरांची उलटसुलट भरणी करून, म्हणजे दुसऱ्या कुणी चोरू नये. उलगडा त्यानं १६७८ मध्ये केला: जेवढा ताण, तेवढं बळ. माझ्या वर्गातली पोरंही उत्तरं अशीच लिहीत, फक्त उलगडा पुढच्या वर्षीही होत नसे. तर नियम असा की वजन दुप्पट टाकलं की स्प्रिंग दुप्पट दबते. आता गाडी खाली आणायची तर स्प्रिंग आखूड हवी. पण आखूड स्प्रिंगला दबायला जागाच कमी, म्हणून ती कडक करावी लागते, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात गाडी बुडावर आपटेल. थोडक्यात, पैसे देऊन गाडी जमिनीजवळ न्यायची आणि त्याच पैशात तिची गादी काढून घ्यायची.

"फायदा काय मंग?" मी विचारलं.

"सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी खाली येते मामाजी. वळणावर गाडी झुकत नाई. कॉर्नरिंग सुधरते."

शास्त्र म्हणून हे शंभर टक्के खरं आहे. पण नागपूर ते भंडारा हा रस्ता पट्टी ठेवून आखल्यासारखा. या भागात गाडी वळते ती मंगल कार्यालयाकडे, आणि तिथं वऱ्हाडी भरल्यावर ती झुकली काय नि न झुकली काय.

नागपूरच्या वर्कशॉपनं फिटिंगचे जे पैसे सांगितले ते ऐकून भाचा शहापूरला आला होता. "तुमच्या वळखीचा मिस्त्री हाय ना?"

होता. पण तो कमानवाला मिस्त्री. महामार्गाच्या कडेला टिनाचं शेड, बाहेर ट्रकच्या गंजलेल्या पाट्यांचा ढीग, आत भट्टी आणि घण. हा रस्ता पूर्वीचा सहा नंबर, आता त्रेपन्न, पण बोलताना अजून सहा नंबरच. सुरतेकडून ओडिशाकडे जाणारा सगळा लोखंड-सिमेंटचा भार यावरून जातो. पलीकडे गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना, तिथं ट्रकचे गिअरबॉक्स तयार होतात. वरठीला सनफ्लॅग, तिथं गाड्यांना लागणारं खास पोलाद. एवढ्या लोखंडी शेजारात मिस्त्रीचा धंदा मात्र एकाच वाक्यावर चाललेला: "कमान बसली."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ट्रकच्या खाली एकावर एक रचलेले पोलादी पाटे असतात, धनुष्यासारखे वाकवलेले. ती कमान. वर्षानुवर्षं दहाच्या जागी पंधरा टन वाहून तिचा बाक जातो आणि ट्रक एका अंगाला टेकतो. मग मिस्त्री पाटे उतरवतो, तापवतो, घणानं ठोकून पुन्हा बाक आणतो, वरून एखादा पाटा वाढवतो, यू-बोल्ट आवळतो आणि ट्रक वीतभर उंच होऊन निघून जातो. तीस वर्षं त्यानं बसलेल्याला उठवलं. त्याच्यापुढे भाच्यानं लाल स्प्रिंगा ठेवल्या.

मिस्त्रीनं एक हातात घेऊन फिरवून पाहिली. "हे तं आखूड आली भाऊ. वापस पाठवा."

भाच्यानं समजावलं. मिस्त्रीनं नीट ऐकून घेतलं, मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "गुर्जी, पोराची तब्येत बरी हाय ना?"

त्याला खरं दुःख खर्चाचं होतं. "एवढे पैसे काहून घातले? तुमची जुनीच स्प्रिंग गॅस कटरनं दीड वेढा कापून देतो. शंभर रुपये." हा उपाय ऐकून भाच्याचा चेहरा असा झाला की जणू मिस्त्री त्याच्या आजीचं ऑपरेशन विळीनं करू म्हणतोय. भाचा बरोबर होता. वेढे कमी केले की स्प्रिंग कडक होते खरी, पण कटरच्या आगीनं पोलादाचं पाणी उतरतं, आणि कापलेलं टोक आपल्या बैठकीत बसत नाही. चाक खड्ड्यात लोंबलं की स्प्रिंग जागा सोडू शकते. मिस्त्रीलाही हे माहीत होतं. तो फक्त भाव करत होता.

मग काम निघालं. पुढच्या चाकांना मॅकफर्सन पद्धतीची मांडणी: शॉकअपच्या नळीवर स्प्रिंग चढवलेली आणि वर एक नट. अर्ल मॅकफर्सन हा फोर्डचा अमेरिकन इंजिनिअर, त्याची ही रचना गेली पाऊणशे वर्षं जगभरच्या छोट्या गाड्यांना पुरली आहे. ती इतकी साधी आहे की कुणालाही वाटतं आपण खोलू. त्या वरच्या नटाची मात्र चेष्टा नाही. स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते. शिकंजे न लावता तो नट सोडला तर आतली सगळी ताकद एकदम बाहेर येते आणि समोर माणसाचं तोंड असेल तर तोंडावर. मिस्त्रीनं दोन्ही बाजूंनी शिकंजे लावले, आम्हाला सगळ्यांना लांब उभं केलं, स्वतः एका बाजूला झाला आणि पाना फिरवला. तोवर अंगणात बघ्यांची संख्या अकरावर गेली होती. त्यातले दोघे इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं. शहापूरला ते कॉलेज आहे. ती दोघं फक्त व्हिडिओ काढत होती. पाना धरायला पुढे आला तो धानाच्या गिरणीतला हमाल.

गंमत अशी की जुनी स्प्रिंग काढायला घाम निघाला आणि नवी आखूड असल्यानं जवळजवळ हातानंच बसली. मागचं काम त्याहून सोपं. स्विफ्टच्या मागे स्प्रिंग नि शॉकअप वेगवेगळे, शॉकअपचे खालचे बोल्ट काढले की आडवा दांडा खाली येतो आणि स्प्रिंग हातात. एक गोष्ट मिस्त्रीनं अशी केली की माझा त्याच्याविषयीचा आदर वाढला. रबरी बुशांचे बोल्ट त्यानं गाडी घोडीवर असताना अर्धवटच आवळले. "गाडी आपल्या पायावर उभी राहिल्यावर शेवटचा पाना. नाईतं रबर पिळून रायते अन् सहा महिन्यात फाटते." हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ट्रकनं शिकवलं होतं.

दुपारी तीनला जॅक काढला. आम्ही सगळे चाकाकडे बघत होतो. भाचा उकिडवा बसला, फटीत बोटं घातली. चार. चारच्या वर अंगठाही गेला.

"मामाजी, हे तं उंच झाली!"

जॅकवरून उतरलेली गाडी थोडा वेळ अशीच अवघडून उभी राहते. चाकं आत ओढली गेलेली असतात, दोन पावलं चालल्याशिवाय ती पसरत नाहीत. मिस्त्री हात पुसत म्हणाला, "चक्कर मारून ये. बसन." आणि मग स्वतःशीच हसला. तीस वर्षांत "बसन" हा शब्द त्यानं दिलासा म्हणून पहिल्यांदा वापरला होता.

भाचा चक्कर मारून आला. बसली होती. दोन बोटं. त्याच्या चेहऱ्यावरून स्वर्ग किती उरला ते वेगळं मोजायची गरज नव्हती.

आता हिशोब बघा. कंपनीच्या कागदावर या स्विफ्टचं पोट जमिनीपासून १६३ मिलिमीटर. भाच्यानं त्यातले ४० काढले. राहिले १२३. इंडियन रोड्स काँग्रेसनं १९८८ साली गतिरोधकाची जी शिफारस केली त्यात उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर आणि १७ मीटर त्रिज्येचा गोलावा; पंचवीसच्या वेगानं गाडी अलगद जावी असा. म्हणजे कागदावर भाचा तेवीस मिलिमीटरनं जिंकला होता. पण आमच्याकडचा गतिरोधक रोड्स काँग्रेस बांधत नाही. कुणाच्या तरी दारासमोर कुणाची तरी शेळी मरते, रात्रीतून अर्धा ट्रॅक्टर मुरूम-गिट्टी येते, आणि उंची त्या शेळीच्या किमतीवर ठरते. रुंदी फावड्याइतकी.

असे सहा गतिरोधक मोठा रस्ता सोडल्यापासून माझ्या बहिणीच्या गावापर्यंत आहेत. भाच्यानं प्रत्येकाची वेगळी रीत बसवली. पहिला तिरपा घ्यायचा, एकेक चाक चढवत. दुसरा उलट बाजूनं तिरपा. तिसऱ्याला मागच्या दोघांनी उतरायचं. चौथ्याला सगळ्यांनी. पाचवा आणि सहावा जवळजवळ आहेत, म्हणून उतरलेल्यांनी मधे परत बसू नये, चालत यावं, अशी सूचना. दसऱ्याला आम्ही सोनं द्यायला गेलो तेव्हा बायको तिसऱ्यापासून जी उतरली ती गाडीच्या आधी पोचली. बहिणीनं दार उघडून विचारलं, "वहिनी, एकटीच? गाडी बंद पडली?" "नाई," ही म्हणाली, "येऊन रायली. सावकाश. नवीन स्प्रिंग हाय."

दसऱ्याच्या पूजेत चाकाखाली लिंबू ठेवलं, तिथवर ठीक. पुढे नारळ फोडला. नारळाचं एक भकल घरंगळत बंपरखाली गेलं आणि तिथंच अडकलं. ते काढायला जॅक लावावा लागला. प्रसादाला इतकी अवजारं लागलेली मी पहिल्यांदा पाहिली.

दिवाळीनंतर धान निघालं. हा सगळा धानाचा मुलूख. मळणीच्या दिवसांत लहान रस्त्यावर धान वाळत घातलेलं असतं आणि कडेला तनस पसरलेली. बाकीच्या गाड्या त्यावरून जातात. भाच्याची गाडी त्यातून गेली. घरी आली तेव्हा पोटाखाली एवढी तनस अडकली होती की बैल तिच्याकडे आशेनं पाहू लागला. मिस्त्रीनं हे ऐकलं तेव्हा मात्र हसला नाही. सायलेन्सर तापलेला असतो, त्याला सुकी तनस लागली तर गाडी पेटू शकते. भाच्यानं त्यानंतर डिक्कीत एक आकडा ठेवला, तनस ओढायला.

त्याच डिक्कीत परत जाताना बहिणीनं धानाचे दोन कट्टे टाकले. चाळीस-चाळीस किलोचे. गाडी मागून अशी टेकली की पुढचे दिवे आंब्याच्या शेंड्यावर. मी हूकचा नियम समजावणार होतो, पण भाचा गाडीभोवती फिरून फोटो काढत होता. मागची फट एका बोटावर आली होती.

हे पाहून मला लॉस एंजेलिसची गोष्ट आठवली. तिथल्या मेक्सिकन वस्त्यांतली पोरं दुसऱ्या महायुद्धानंतर गाड्या खाली आणायची, ती अगदी याच पद्धतीनं: डिक्कीत वाळूची पोती. पुढे ती स्प्रिंगा कापू लागली. मग कॅलिफोर्निया सरकारनं कायदा केला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिंगच्या खाली येता कामा नये. तो १९५८ पासून लागू झाला. तर पुढच्याच वर्षी रॉन अगीरे नावाच्या तरुणानं आपल्या गाडीला विमानाचे हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसला की बटण दाबायचं, गाडी उठून उभी. पोलीस गेला की पुन्हा खाली. माझ्या वर्गातली मागच्या बाकावरची पोरं हेच करत, पंपाशिवाय.

आमच्याकडेही कायदा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ च्या जानेवारीत हे पुन्हा बजावलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिने कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. यावर पारावर दोन संध्याकाळी चर्चा झाली. चार स्प्रिंगा म्हणजे चार बदल की एक? चार धरले तर दंड वीस हजार, म्हणजे स्प्रिंगांपेक्षा महाग. निवृत्त ग्रामसेवकांचं म्हणणं पडलं की आरसीवर नंबर, रंग, इंजिन सगळं आहे पण उंचीचा रकाना नाही, तेव्हा पोलीस मोजणार कशाशी? कोतवाल म्हणाला, "त्याले मोजाची गरज काय? त्याले फक्त थांबवाची गरज हाय." सभा तिथं संपली.

माघात भाच्यासाठी मुलगी बघायला लाखनीकडे निघालो. भाचा, बहीण, भाटवे, मी आणि ही. पाच माणसं आणि सव्वा किलो पेढे. महामार्गावर गाडी खरोखर छान चालली, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. जमिनीला धरून, गंभीर. भाचा दोनदा म्हणाला, "पाह्यलं मामाजी?" मग मोठा रस्ता सोडला. त्या सोयरिकीत मुलीकडच्यांनी आम्हाला पहिल्यांदा पाहिलं ते वेशीवर, चौघं एका रांगेत चालताना, मागे हॉर्न न वाजवता येणारी रिकामी गाडी. त्यांना वाटलं आमच्यात तशी पद्धत असेल.

फाटकाशी सिमेंटचा चढ होता. बरोबर मधे खालून आवाज आला. खरवडल्याचा, लांबलचक. चेंबर वाचला, हे नंतर कळलं. मुलीचे वडील पायऱ्यांवर उभे होते. त्यांनी हात जोडले, आम्हाला आत बसवलं आणि कुणाचं लक्ष नाहीसं पाहून अंगणात गेले. खिडकीतून मला दिसलं, ते ओणवे झाले, टायरच्या वर बोटं घातली, दोन, आणि मान हलवली. पूर्वी ते स्वतः ट्रक चालवत.

पोह्यांच्या बशा फिरल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "पोरगा चांगला हाय गुर्जी. नोकरी चांगली. फक्त गाडीच्या कमानी बसल्या हायेत. चारही. ज्यानं विकली त्यानं फसवलं तुम्हाले."

भाच्यानं ते ऐकलं.

जुन्या स्प्रिंगा आमच्याच घरी पडून होत्या. चैत्राच्या पहिल्या आठवड्यात तो आला आणि बुटांची लेसही न सोडता म्हणाला, "मामीजी, त्या स्प्रिंगा?"

तीन कोठ्यात सापडल्या. चौथी स्वयंपाकघरात होती. उन्हाळा लागताच हिनं माठ काढला, चुंबळ सापडेना, तेव्हा पुढच्या चाकाची स्प्रिंग खाली ठेवली. माठ तिच्यावर असा बसला की कंपनीनं माठासाठीच बनवली असावी. शिवाय आणखी एक शोध तिनं लावला होता. माठ भरला की स्प्रिंग किंचित दबते, पाणी उपसलं की हळूहळू वर येते. भिंतीवर तिनं पेन्सिलनं दोन रेघा मारल्या होत्या, एक भरल्याची, एक रिकाम्याची. झाकण न काढता पाणी किती उरलं ते समजत होतं. बत्तीस वर्षं मी हूकचा नियम शिकवला आणि माझ्या एकाही विद्यार्थ्याला तो असा वापरता आला नाही.

"तीन घेऊन जाय," ही म्हणाली. "चौथी मृग लागल्यावर."

"तिनावर गाडी कशी चालन मामीजी?"

"आता कुठं चालते?"

भाचा माठासमोर उकिडवा बसला. बराच वेळ रेघांकडे बघत राहिला. मग सवयीनं त्यानं माठाच्या बुडाखाली, वरच्या दोन वेढ्यांच्या फटीत बोटं घातली.

"किती?" मी विचारलं.

"भरला हाय का?"

"अर्धा."

"मंग बरोबर हाय," तो म्हणाला. "दोन."